कलकत्त्याची डर्बी मैदानात बसून पाहायची आहे, लेकीला घेऊन जाऊ का?

कपाशीवाला (दारव्हा)

राम राम मंडळी.

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सहा एकर वावर आहे, कपाशीत तुरीचे तास आणि उरलेल्यात सोयाबीन. लेक आठवीत शिकते. ती गोलकीपर आहे.

आमच्या गावात फुटबॉल कोणालाच माहीत नव्हता. कबड्डी आणि क्रिकेट, बस. दोन वर्षांमागे शाळेत नवे सर आले. त्यांनी सोयाबीन निघालेल्या एका वावरात बांबू रोवून दोन गोल उभे केले आणि पोरं-पोरी मिळून खेळायला लागले. माझ्या लेकीला गोलात कोणी उभं केलं नाही, ती स्वतः जाऊन उभी राहिली. आता तिचे दोन्ही कोपरे सोललेले असतात, तिची आई मला बोलत असते आणि मी गप्प ऐकून घेतो.

मोबाईलवर ती मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या कलकत्त्याच्या दोन संघांचे फुटबॉल सामने पाहते. त्या दोघांच्या आपसातल्या सामन्यालाच डर्बी म्हणतात. परवा जेवताना तिने विचारलं, "बाबा, साठ हजार लोक एका वेळी ओरडत असतील तं गोलकीपरचं बोलणं त्याच्या बॅकला ऐकू कसं जात असन?" बॅक म्हणजे गोलकीपरच्या पुढं राहून बचाव करणारा. मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात बसलं आहे की एकदा तिला तिथंच नेऊन बसवावं.

मी आजवर नागपूरच्या पुढं पूर्वेला गेलो नाही. म्हणून विचारतो. मैदान नेमकं कुठं आहे, हावड्याहून कसं जायचं? दोन संघांचे लोक वेगवेगळे बसतात म्हणतात, तर आपण कोणत्या बाजूचं तिकीट घ्यायचं? तेरा वर्षांच्या पोरीला घेऊन एवढ्या गर्दीत जाणं बरं आहे का? हिंदीवर काम चालतं का? कोणी स्वतः जाऊन आलं असेल तर सविस्तर सांगा. ऐकीव नको.

कामठीचा लेफ्टबॅक

भाऊ, आधी रस्ता सांगतो.

तुम्हाला बडनेरा नाहीतर वर्धा सोयीचं. मुंबईहून हावड्याला जाणाऱ्या गीतांजली आणि हावडा मेल, पुण्याहून जाणारी आझाद हिंद, या तिन्ही गाड्या आपल्याच पट्ट्यातून जातात. नागपूर ते हावडा साधारण अकराशे किलोमीटर. म्हणजे एक रात्र गाडीत धराच. सामन्याच्या दिवशी पोहोचेल अशी गाडी धरू नका, आदल्या दिवशी पोहोचा.

मैदानाचं कागदावरचं नाव विवेकानंद युवा भारती क्रीडांगण. आपण सगळे सॉल्ट लेक स्टेडियम म्हणतो, तिथले लोक युवाभारती म्हणतात. पूर्वी हावड्याहून तिथं जायला बस, टॅक्सी असली कसरत होती. २२ ऑगस्ट २०२५ पासून मेट्रोची हिरवी लाईन हावडा मैदानापासून सेक्टर फाइव्हपर्यंत सलग झाली. हावडा स्टेशनात गाडीतून उतरा, खाली मेट्रोत जा, ती हुगळी नदीच्या खालून पलीकडं निघते, मग एस्प्लनेड, सियालदा, फूलबागान आणि पुढचं स्टेशनच सॉल्ट लेक स्टेडियम. गाडी बदलायची गरज नाही.

मैदान १९८४चं. तेव्हा खुर्च्या नव्हत्या, लोक पायऱ्यांवर खेटून बसत. १३ जुलै १९९७ला फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात याच दोन संघांना पाहायला १,३१,७८१ लोक आले होते. भायचुंग भूतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगाल ४-१ने जिंकला. माझे वडील हा आकडा पाढ्यासारखा पाठ म्हणायचे. पुढं २०१७च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठी मैदान नव्याने केलं, खुर्च्या बसवल्या, खरं गवत लावलं. आता ६८ हजारांच्या आसपास लोक बसतात. त्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तिथंच झाला. इंग्लंड दोन गोलांनी मागं होता आणि स्पेनला ५-२ने हरवून गेला.

एक अडचण आहे. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि फुटबॉलची तारीख पुष्कळदा त्याहून उशिरा कळते. म्हणून ड्युरँड कपवर नजर ठेवा. १८८८ पासूनची स्पर्धा आहे, पावसाळ्यात होते, आणि गटांचं वेळापत्रक एकदम जाहीर होतं. दोन्ही संघ एका गटात पडले की तारीख हातात आली समजा.

कोणत्या बाजूला बसावं हे मी सांगत नाही. मी मोहन बागानचा आहे. २९ जुलै १९११ला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला २-१ने हरवून त्यांनी आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली, आणि संघातला एक जण सोडला तर बाकी सगळे अनवाणी खेळले होते. कामठीत छावणीच्या काळापासून फुटबॉल आहे, आमच्या घरात ही गोष्ट लहानपणी जेवणाबरोबर वाढली गेली. त्यामुळं माझा सल्ला सरळ नसणार.

चामोर्शीचा सायकलवाला

भाऊ, मी जाऊन आलो आहे. १२ ऑगस्ट २०२३, ड्युरँड कप, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. थोडं लांब लिहितो, कारण मी एकटा गेलो नव्हतो आणि ज्यांच्यासाठी गेलो त्यांच्याशिवाय ही गोष्ट सांगता येत नाही.

आमचा गडचिरोली जिल्हा पश्चिम विदर्भातल्या लोकांनी फारसा पाहिलेला नसतो. चामोर्शी आणि मुलचेरा या भागात बंगाली लोकांची गावंच्या गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून निघालेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने १९६०च्या दशकात इथं, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जंगल तोडून जमीन दिली. त्यांनी धान केला, बोड्या खोदून मासळी सोडली, आणि प्रत्येक गावात फुटबॉलला जागा सोडली. आमच्या मराठी गावांत कबड्डी, त्यांच्याकडं फुटबॉल. आमची पोरं सायकलवर तिकडं सामने पाहायला जायची, त्यात मी होतो.

तिथल्या माझ्या वर्गमित्राचे आजोबा म्हणजे दादू. सगळा गाव त्यांना दादूच म्हणतो, मीही. खुलन्याकडून निघाले तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. त्यांचे थोरले भाऊ कलकत्त्यात जादवपूरकडच्या निर्वासितांच्या वस्तीत राहिले आणि दादू आईवडिलांबरोबर इकडं आले. मधल्या साठ वर्षांत ते फक्त दोनदा कलकत्त्याला गेले, एकदा लग्नाला आणि एकदा भावाच्या श्राद्धाला. सामना एकही पाहिला नाही.

पण त्यांना सगळं माहीत असायचं. रात्री जेवणं झाली की मीडियम वेव्हवर खरखर करत कलकत्ता लागायचं. सामना कधीच संपलेला असायचा, बातम्यांत निकाल कळायचा. आणि भावाचं पत्र यायचं. ती अंतर्देशीय पत्रं त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली आहेत, मी पाहिली आहेत. बंगाली मला वाचता येत नाही, पण प्रत्येक पत्राच्या शेवटी आकडे होते. १९७५च्या शील्डच्या फायनलमध्ये ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-०ने हरवलं, त्या वेळचं पत्र त्यांनी मला हातात दिलं. तब्येत, पाऊस, पैसे यातलं त्यात काहीच नव्हतं. नुसता सामना.

घर गेलं, गाव गेलं, नदी गेली, आणि नावात 'ईस्ट बंगाल' असलेलं एवढं एकच काहीतरी शाबूत उरलं, असं ते एकदा मला म्हणाले होते. म्हणून भाऊ, तिथं बसलेल्या लोकांना हा नुसता चेंडूचा खेळ वाटत नाही. क्लब १९२०चा, फाळणीच्या कितीतरी आधीचा. पण फाळणीनंतर आलेल्यांनी त्याला घरासारखं धरलं.

२०२३ला वेळापत्रक आलं तसं माझ्या मित्राने ठरवलं की दादूंना न्यायचंच. ऐन वेळी त्याच्या बायकोचे दिवस भरत आले, तो अडकला, आणि मी म्हटलं मी नेतो. रोवणी आटोपली होती. पावसात आमच्याकडं नाल्यांचा भरोसा नसतो, एक रात्र जोराचा झाला की रस्ता बंद. म्हणून दोन दिवस आधी निघालो. चामोर्शी, गडचिरोली, मग वडसा. आमच्या जिल्ह्याचं रेल्वे स्टेशन म्हणजे तेवढंच. वडशाहून गोंदिया आणि गोंदियाहून हावडा. दादूंनी गाडीत रात्रभर खिडकी सोडली नाही. बाहेर अंधार होता.

मुक्काम त्यांच्या पुतण्याकडं. तिकिटाचं त्यांनीच केलं होतं. आमच्या वेळी मोबाईलवर पैसे भरून भागलं नाही, आदल्या दिवशी खिडकीवर जाऊन कागदी तिकीट घ्यावं लागलं. यात चूक करू नका. तिकीट काढतानाच पुढं काय करायचं ते नीट वाचा, नाहीतर सामन्याच्या दिवशी त्या रांगेत लेकीसकट उभं राहावं लागेल.

सामना दुपारून होता, आम्ही बाराला निघालो. तुम्हीही तसंच करा. माझं ऐकाल तर मैदानातल्या नव्वद मिनिटांइतकेच आधीचे तीन तास महत्त्वाचे आहेत. बायपासवर टेम्पो भरभरून लोक येत होते. एका टेम्पोत ईस्ट बंगालचे लाल-सोनेरी झेंडे, त्याच्या मागच्यात मोहन बागानचे हिरवे-मरून. सिग्नलला दोन्ही शेजारी थांबले की एकमेकांकडं पाहून अशी गाणी चालू की टेम्पो हलत होते. दिवा सुटला की दोन्ही पुढं. रस्त्याच्या कडेला मुरी, घुगनी, लिंबाचा काळा चहा. हिंदी सगळ्यांना कळते. आपण बोलत राहायचं, उत्तर बंगालीत आलं तरी अर्थ लागतो.

जवळ आलं की दोन्हींचे रस्ते वेगळे होतात, फाटकं वेगळी, मध्ये पोलीस. फाटकावर पाण्याची बाटली घेतली, सुट्टी नाणी घेतली, आणि दादूंची चुन्याची डबी घेतली, धातूची होती म्हणून. पन्नास वर्षांची डबी. ते तिथंच उभे राहिले. मी त्या शिपायाला विनवणी केली, त्याने हात जोडले, नियम आहे म्हणाला. मग दादूच म्हणाले, चल, राहू दे.

वरच्या मजल्यावर जायला रॅम्प आहे, लांब आणि चढाचा. पहिल्या वळणाला दादू थांबले, दुसऱ्याला थांबले, तिसऱ्याला बसलेच. मागून येणाऱ्या दोन पोरांनी विचारलं, कुठून आलात. दादूंनी सांगितलं महाराष्ट्र. पोरं हसली. मग दादूंनी खुलन्याचं नाव घेतलं. पुढं काय बोलणं झालं ते मला पूर्ण समजलं नाही, पण त्या दोघांनी चार हातांचं आसन केलं, त्यावर दादूंना बसवलं आणि वर घेऊन गेले. मी काठी धरून मागं. वाटेत लोक बाजूला होत होते.

आत गेल्यावर दादूंचा पहिला शब्द होता, "एवढं लांब?" हे तुम्हालाही सांगून ठेवतो. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळं बसायची जागा गवतापासून दूर पडते. वरून चेंडू बोराएवढा दिसतो. मोबाईलवर जवळून पाहायची सवय असलेल्या पोरीचा पहिली दहा मिनिटं विरस होईल. होऊ द्या. अकराव्या मिनिटाला तिला असं काही दिसेल जे मोबाईलवर कधी दिसत नाही. चेंडू नसलेल्या बाजूला दहा माणसं काय करत असतात ते.

दादूंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू झालेला होता. त्यांना रंग दिसत होते, माणसं नाही. मग मी मराठीतून सांगत राहिलो. आता डावीकडं, आता परत मागं, आता थ्रो. आयुष्यभर त्यांनी सामना कोणाच्या तरी तोंडून ऐकला होता, मैदानात बसूनही तसाच ऐकला. पण थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं की ते माझ्या आधी सांगत आहेत. "कॉर्नर," म्हणाले, आणि खरंच कॉर्नर. मी विचारलं कसं कळलं. म्हणाले, आवाज ऐक.

तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. आवाज म्हणजे एकच गोळा नसतो. आमच्याकडं शंकरपटात बैलजोडी सुटली की ओरड उठते आणि जोडीबरोबर धावत जाते, तसाच तिथं आवाज चेंडूबरोबर फिरतो. समोरच्या गॅलरीत मोहन बागानचे लोक होते. त्यांचे हात आधी वर जायचे आणि गर्जना क्षणभराने आमच्यापर्यंत यायची, लांबच्या जंगलात कुऱ्हाड पडलेली दिसते आणि टोला मागून ऐकू येतो तशी. मग मी मुद्दाम आमच्या बाजूच्या गोलकीपरकडं पाहत बसलो. सुरुवातीला तो ओरडत होता, तोंड उघडलेलं दिसत होतं. पण गर्जना वाढली की ओरडणं सोडून द्यायचा. हात वापरायचा. बॅकला बोटाने जागा दाखवायचा, जवळ असला तर पाठीवर थाप मारून सरकवायचा, आणि चेंडू लांब असला की स्वतः पुढं चालत येऊन अंतर कमी करायचा. म्हणजे ऐकू जात नाही. ते ऐकू न जाताच खेळतात.

पहिल्या अर्ध्यात गोल नाही. त्याआधी ईस्ट बंगाल या सामन्यात सलग ८ वेळा हरलेला होता, जानेवारी २०१९ नंतर जिंकणं नव्हतं. आजूबाजूची माणसं पेपराला बसल्यासारखी बसली होती. ६०व्या मिनिटाला नंदकुमार शेखरने गोल केला. आमच्यापासून दूरच्या टोकाला झाला, मला चेंडू जाळीत गेलेला दिसला नाही, फक्त जाळी हललेली दिसली. मग काही दिसलंच नाही, सगळे उभे. माझ्या डोक्यावर कोणाचं तरी पाणी की घाम पडला. समोरची गॅलरी गप्प झाली होती आणि तो गप्पपणाही दिसत होता.

दादू उठले नाहीत. माझं मनगट धरून बसले होते. विचारलं, "कोणी मारला?" मी म्हटलं नंदकुमार. "कुठला?" मी म्हटलं तामिळनाडूचा. "असू दे," म्हणाले, "आता आपला झाला." उरलेली तीस मिनिटं त्यांनी मनगट सोडलं नाही.

सामना संपल्यावर मी निघायची घाई केली. त्यांनी मला खाली बसवलं. १६ ऑगस्ट १९८०ला ईडन गार्डन्समध्ये याच दोन संघांच्या सामन्यात भांडण झालं, पळापळ झाली आणि १६ माणसं गेली. घरून सामना पाहायला निघालेली माणसं. बंगालमध्ये तो दिवस अजून फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळतात, रक्तदान करतात. दादूंना ते सगळं भावाच्या पत्रातून माहीत होतं. म्हणाले, शेवटचा माणूस उतरेपर्यंत बसायचं. आम्ही पाऊण तास बसलो. तुम्ही लेकीला घेऊन जाल तेव्हा एवढं एक मात्र माझं ऐकाच. जिंका की हरा, शिट्टी वाजली की जागेवर बसून राहा. बाहेरची पहिली लाट ओसरू द्या. मेट्रो तासाभराने पण मिळते.

रात्री पुतण्याने इलिश मासा आणला. ईस्ट बंगाल जिंकला की इलिश, मोहन बागान जिंकला की चिंगडी म्हणजे कोळंबी, अशी तिथली रीत. त्या दिवशी बाजारात इलिशचा भाव वाढला होता म्हणे, तरी आणला. दादूंनी काटे काढून पहिला तुकडा माझ्या ताटात ठेवला.

आता बाजूचं विचाराल तर, भाऊ, कोणतीही एक घ्या पण मनापासून घ्या. तिथं मधलं बसणं नसतं. आणि ज्या बाजूला बसाल त्या बाजूचे रंग घाला, निदान समोरच्यांचे घालू नका. लेकीच्या अंगावर हिरवा फ्रॉक आणि बसायला लाल-सोनेरी गॅलरी, असं होऊ देऊ नका.

क्रीडाशिक्षिका, अचलपूर

चामोर्शीच्या दादांचं वाचून डोळे भरले. तरी एक वेगळं मत मांडते. मुलींना घेऊन प्रवास करणारी बाई म्हणून.

मी शाळेतल्या चार मुलींना घेऊन ६ जून २०२४ला त्याच मैदानावर गेले होते. भारत-कुवेत, सुनील छेत्रीचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना, असंच तेव्हा सर्वांनी धरलं होतं. सामना ०-०च सुटला. पण तिथं सगळे एका बाजूचे होते. फाटकं वेगळी नाहीत, रंगाची धास्ती नाही, कुटुंबं भरपूर, बायका-मुली भरपूर. मुली पहिल्यांदा मोठं मैदान पाहत असतील तर डर्बीच्या आधी असा एखादा सामना बरा, असं मला वाटतं. छेत्री रडत, हात जोडून मैदानाला फेरी मारत होता. तेव्हा त्याचे ९४ गोल होते. माझी एक मुलगी म्हणाली, मॅडम, एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर रडतो. ती मुलगी घरी कोणासमोर रडत नाही, मला माहीत आहे.

भाऊ, तुमच्यासाठी व्यवहाराचं. मुलींना मैदानात शिरायच्या आधी, बाहेरच, स्वच्छतागृहात नेऊन आणा. आत एकदा गर्दी झाली की जागेवरून उठून परत येणं मुश्किल. पाणी आत नेता येत नाही आणि तिथला दमटपणा आपल्या उन्हासारखा नाही. आपल्याकडं ४५ अंशांत घाम वाळतो, तिथं वाळतच नाही. माझी एक मुलगी दुसऱ्या अर्ध्यात चक्कर येऊन बसली. सकाळपासून मीठ-साखरेचं पाणी देत राहा, आत जायच्या आधी पोटभर पाजा. मोबाईल हरवला किंवा चुकामूक झाली तर म्हणून तिच्या खिशात तुमचा नंबर कागदावर लिहून ठेवा, आणि भेटायची एक जागा आधी दाखवून ठेवा. मी मेट्रोच्या जिन्याजवळचा खांब दाखवला होता.

ती गोलकीपर आहे तर शक्य झाल्यास गोलच्या मागची जागा घ्या. लांबच्या बाजूचं खेळणं कमी दिसेल, पण एक अर्धा पूर्ण वेळ गोलकीपर तिच्या समोर राहील. सराव चालू असतानाच आत जाऊन बसा. गोलकीपर बाकीच्यांच्या आधी येतात. त्यांचा सराव पाहणं हे माझ्या मुलींना सामन्याइतकंच आवडलं. कोपरे सोलू न देता कसं पडायचं ते तिथं नीट दिसतं. तिच्या आईलाही सांगा.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 'मैदान' नावाच्या भागात न्या. शहराच्या मधोमध मोकळी हिरवळ आहे, तिथं मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन स्पोर्टिंग या तिघांची आपापली जुनी मैदानं जवळजवळ आहेत. आजूबाजूला शेकडो पोरं चिखलात खेळत असतात. तिचे बूट बरोबर असू द्या.

कपाशीवाला (दारव्हा)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीला सगळं वाचून दाखवलं, तिची आईही बसून ऐकत होती. चार हातांच्या आसनाशी आल्यावर मला थांबावं लागलं, पुढचं लेकीने वाचलं.

ताईंचं म्हणणं पटतं, पण लेक डर्बीवर अडून आहे. म्हणून असं ठरवलं आहे. ड्युरँडचं वेळापत्रक आलं की बडनेऱ्याहून जायचं-यायचं आरक्षण करतो, एक दिवस आधी पोहोचायचं, एक दिवस नंतर निघायचं. ऑगस्टात कपाशीला खत देणं आणि डवरणी असते, ते धाकटा भाऊ पाहतो म्हणाला. पैसे तुरीचे ठेवले आहेत. तिची आईही येते म्हणते आहे.

लेकीने आज शाळेत सरांना सांगून एक नवीन प्रकार सुरू केला. सामना चालू असताना बाकीच्या पोरांनी कडेला ताटल्या वाजवायच्या आणि तिने तोंड बंद ठेवून फक्त हाताने बॅकला सांगायचं. पहिल्या दिवशी चार गोल खाल्ले. उद्या पुन्हा करणार आहे.

चामोर्शीच्या भाऊंना एकच विचारतो. दादू कसे आहेत?

चामोर्शीचा सायकलवाला

दादू बरे आहेत. राहिलेल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता बोडीतली मासळी वरून ओळखतात.

आम्ही परत आलो आणि तीनच आठवड्यांनी, ३ सप्टेंबरला, त्याच मैदानावर त्याच दोघांची फायनल झाली. मोहन बागान दहा माणसांवर आला होता, तरी पेट्राटोसने गोल मारला आणि तेच १-०ने जिंकले. आम्ही माझ्या मोबाईलवर दादूंच्या ओसरीत पाहिला. ते काही बोलले नाहीत, उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले. कामठीच्या भाऊंना आनंद झाला असेल, त्यांचा हक्क आहे.

तुमचं लिहिलेलं आज त्यांना वाचून दाखवलं. ताटल्यांचं दोनदा वाचायला लावलं. चार गोल खाल्ले यावर त्यांनी मान हलवली आणि विचारलं, बॅक कोण आहे, तो तिच्याकडं पाहतो का? पोरीने हात कितीही केले तरी बॅकने मागं वळून पाहिलं पाहिजे. आधी बॅकला शिकवा, असा त्यांचा निरोप आहे. सरांना सांगा.

आणि त्यांच्या पुतण्याकडं मुक्कामाला जागा आहे, घरात बायका आहेत, वहिनींनाही अवघड वाटणार नाही. पत्ता तुम्हाला वेगळा कळवतो. दादूंची एकच अट आहे की लेकीने लाल-सोनेरी बाजूला बसावं. मी त्यांना म्हटलं की ती पोरीची मर्जी. ते म्हणाले, मर्जी तिचीच, पण विचारून तर बघ.